इंजिन बंद कुणी केलं?

लिहू की नको, असा बरेच दिवस विचार करत होतो. मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आमच्या घरातून कॉलेजपर्यंत पोहोचलेला पहिलाच. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता... आता आहे, असंही म्हणवत नाही.

बाबांचा स्वतःचा जुना ट्रक आहे. गेल्या उन्हाळ्यात लोणी काळभोरजवळ त्याचं इंजिन जाम झालं. मांजरीत नानामिस्त्रींच्या गॅरेजमध्ये उघडून पाहिलं, तर क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा, कामातून गेलेला. मग अपघात झालेल्या एका ट्रकचा क्रँक आणि पिस्टन भंगारातून आणून आमच्या इंजिनात बसवायचं ठरलं. असा पार्ट घेताना त्या गाडीचा ड्रायव्हर वाचला का, हे ड्रायव्हर लोक आधी विचारतात. बाबांनीही विचारलं. भंगारवाला एवढंच म्हणाला, "इंजिनाला काही झालेलं नाही."

बाबांनी तरी पैसे मोजले. गाडी उभी ठेवून आमचं भागणार नव्हतं.

इंजिन पहिल्यांदा चालू केलं ते भर दुपारी, लख्ख उन्हात. मी केबिनच्या पायरीवर उभा होतो. नाना हात धुवायला नळावर गेले होते. बाबा बॉनेटमध्ये वाकून ऑइल गळतंय का बघत होते... गळ्यात नेहमीचा टॉवेल. त्याचं टोक फॅननं ओढलेलं मला दिसलं.

असं जुनं डिझेल इंजिन चावीनं बंद होत नाही, डिझेल तोडावं लागतं. मी आत हात घालून स्टॉपची दांडी खेचली. ती नुसतीच बाहेर आली. तिची वायर अजून डिझेलच्या पंपाला जोडलेलीच नव्हती. "राहू दे इंजिनियर, मी हातानं बंद करीन," असं नानाच सकाळी म्हणाले होते. घाबरून मी ते विसरलो.

आणि इंजिन थांबलं.

असं इंजिन बंद होताना सगळी गाडी हलवतं. हे जरासुद्धा हललं नाही. बाबांचा गाल फॅनपासून वीतभरही लांब नव्हता.

नाना धावत आले. पंपाचा लिव्हर चालूच्याच जागी होता. टॉवेल कापून काढावा लागला. "बंद कुणी केलं?" त्यांनी विचारलं.

बाबा मान चोळत म्हणाले, "तुम्हीच हाय वाटलं. खांद्यावर हात होता की मागनं."

नाना नळावर होते. मी पायरीवर...

पुन्हा स्टार्टर मारला, तर पहिल्या फटक्यात चालू. नानांनी खालून खोलून बेअरिंग पाहिल्या, डिझेलची लाइन तपासली. सगळं ठीक. कॉलेजात सर म्हणाले, लाइनमध्ये हवा शिरली असेल. पण मग इंजिन आचके देत बंद पडतं आणि लगेच चालू होत नाही — हे त्यांनीच शिकवलेलं. टॉवेल अडकून फॅनचा बेल्ट घसरेल, इंजिन थांबत नाही.

बाबा तोच ट्रक चालवतात. गेल्या रविवारी मी त्यांच्यासोबत सोलापूर रोडनं गेलो. दोन सीटच्या मधे इंजिनाचं झाकण असतं, लहानपणापासूनची माझी जागा. तिथे टेकणार, तेवढ्यात बाबा हळू आवाजात म्हणाले, "तिथं नको. कडंला बस."

मी कडेला सरकून बसलो. वाटभर मधली जागा रिकामीच होती... माझी बॅगसुद्धा मी मांडीवर घेतली.

इंजिन कुणी बंद केलं, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. बाबांना ते नकोच असावं.