तोमासाची कोमाद्रे

आमच्या तळ्याकाठच्या गावात फुकट इंग्रजी शिकवायला येणाऱ्या पाहुण्यांचा मला वीट आलाय. मी इथल्या शाळेत मास्तरीण. प्रत्येक नवा पाहुणा फळ्यावर लाल, निळा, पिवळा लिहून सुरुवात करतो, आणि हिरव्यापर्यंत पोचायच्या आत त्याची पाठपिशवी बांधून तयार असते. नव्याचे नऊ दिवस, दुसरं काय!

हे लोक राहायचे तोमासाकडे. तोमासा विधवा, कमरेचे पट्टे विणून पोट भरायची. पाहुण्यांसाठी स्वतःची खाट सोडून चुलीशी निजायची. कर्स्टन आली तेव्हा तोमासाची मिकाएला तिसरीत होती. कर्स्टन चुलीशी बसून मक्याच्या भाकऱ्या थापायची, म्हणजे फाडायची, आणि मिकाएलाची वेणी घालायची. तोमासा तेवढ्यावरच विरघळली. पोरीच्या चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनला तिनं कर्स्टनलाच धर्ममाता केलं.

"अगं, ती उडतं पाखरू," मी म्हटलं. "माझ्या बहिणीला कर."

"बाई, माझ्या चुलीवरचं खाल्लंय तिनं. ती विसरेल होय?"

त्या दिवसापासून पोरीची आई आणि धर्ममाता, दोघी एकमेकींच्या कोमाद्रे झाल्या. आमच्याकडे हे नातं सख्ख्या बहिणीहून घट्ट. कोमाद्रेला चारचौघांत खोटं पाडणं म्हणजे पाप, आणि धर्ममाता एकदा केली की मरेपर्यंत तीच. कर्स्टननं चर्चमध्ये रडून घेतलं, फोटो काढले आणि पुढच्या आठवड्यात समुद्राकडे निघून गेली.

सहावीच्या निरोपाला प्रत्येक पोरीचा हात धरून धर्ममाता तिला मंचावर नेते. ती नसेल तर पोर अख्ख्या गावासमोर पोरकी दिसते. मिकाएला सहावीत आली, तशी तोमासा वर्षभर माझ्या फोनवरून कर्स्टनला निरोप पाठवत होती. उत्तरादाखल फोनवर नुसते लाल बदाम उमटायचे. शेवटी एकदा आलं, "नव्या मंडळींना घेऊन येतेच आहे!" तोमासानं लगेच टर्की कापायला काढली.

आणि बया खरंच आली. गळ्यात आमच्याच गावची शाल, मागं गोऱ्या पोरांचा घोळका. निरोपासाठी शाळेच्या अंगणात मुली रांगेत उभ्या होत्या. मिकाएलानं दोन्ही हात पुढे केले. कर्स्टन तिच्यावरून पुढे गेली आणि शेजारच्या गुबगुबीत इर्माला कवटाळून ओरडली, "माझी पोरगी! केवढी मोठी झालीस!"

इर्मा डोळे फाडून माझ्याकडे बघायला लागली. मी तोंड उघडणार, तोच तोमासानं माझं मनगट दाबलं.

"हो कोमाद्रे," ती हसून म्हणाली, "पोरी भराभर वाढतात."

त्या बाईची किळस आलीच, पण आमच्या या आंधळ्या रीतीची जास्त आली. इर्माचं नाव पुकारलं. कर्स्टन तिचा हात धरून ऐटीत वर गेली, फोटोंचा पाऊस पडला, आणि इर्माची खरी धर्ममाता खाली भांबावून उभी राहिली.

मग मिकाएलाचं नाव आलं. मी हात पुढे केला.

"चल गं, मी येते."

"नको बाई," तोमासा म्हणाली. हसू अजून चेहऱ्यावर तसंच होतं. "तिला धर्ममाता आहे."

मिकाएला एकटीच पायऱ्या चढली. कर्स्टन तोवर खाली उतरली होती. इतर सगळ्या पोरींसाठी वाजवल्या तशाच तिनं तिच्यासाठीही टाळ्या वाजवल्या.