नकाशातली पांढरी जागा

सैन्यातलं पाच वर्षांचं शॉर्ट सर्व्हिस कमिशन संपवून मी कॅप्टन म्हणून बाहेर पडलो आणि मास्टर्स करायला मेलबर्नला आलो. त्या वर्षांत तिथल्या डँडेनॉन्ग उपनगरातल्या दर दुसऱ्या भाड्याच्या घरात आपली मुलं गाद्या टाकून राहत होती. आमच्या घरात माझ्याशिवाय वैभव, अमेय आणि सायली. वैभव नागपूरचा, अकाउंटिंग शिकणारा. रविवारी घरभराची खिचडी तोच टाकायचा.

काश्मीरमध्ये मी दोन हिवाळे बर्फातल्या पोस्टवर काढले होते. त्या भांडवलावर सुट्टीत मला डोंगरावरच्या एका स्की रिसॉर्टवर लिफ्ट ऑपरेटरचं काम मिळालं. तारेवरून वर जाणारी खुर्ची धरायची, माणूस बसवायचा, हसायचं. सैन्यात एवढं हसलो नव्हतो.

ऑगस्टमधल्या, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यातल्या, एका शनिवारी तिघं वर आले. अमेय आणि सायलीला स्कीइंग बऱ्यापैकी जमायचं, वैभवला जेमतेम. ड्युटीआधी मी गाडीच्या बॉनेटवर ट्रेल मॅप पसरला आणि ब्रीफिंग दिलं.

"याला नकाशा समजू नका, हे चित्र आहे," मी म्हणालो. "काँटूर नाहीत, स्केल नाही, उत्तर दिशा वर नाही. चित्रकाराने अख्खा डोंगर एका कागदात कोंबलाय. हिरवा गोल सोपा, निळा चौकोन मध्यम, काळा डायमंड आपल्यासाठी नाही. आधी लिफ्ट बघायची. ती वर सोडते तिथून आपल्याला झेपेल असा रन, म्हणजे घसरत उतरायची वाट, खाली येते का, ते बघायचं. येत नसेल तर त्या लिफ्टला बसायचंच नाही."

वैभवने मॅपवर बोट ठेवलं. "या निळ्या आणि हिरव्याच्या मध्ये बोटभरच जागा आहे. निळा जड गेला तर आडवं जाता येईल ना?"

"नाही. मधलं पांढरं म्हणजे मैदान नव्हे. तिथे घळ आहे, झाडं आहेत, बर्फाखाली ओढा वाहतोय. पांढऱ्यात शिरायचं नाही. अडकलात तर मागे छापलेल्या नंबरवर स्की पेट्रोलला, इथल्या बचाव पथकाला, फोन. तीन वाजता सगळे माझ्या लिफ्टपाशी."

"यस सर! कॅप्टन, इथे एनिमी नाहीये हं," सायली म्हणाली. वैभवने सॅल्यूट ठोकला, तोही डाव्या हाताने.

मी गेल्यावर त्यांनी प्लॅनमध्ये एक भर घातली, हे मला नंतर कळलं. वैभव हळू, म्हणून दोघांनी पुढे जायचं आणि खाली पोचला की त्याने सायलीला मिस्ड कॉल द्यायचा. यात नवल काहीच नव्हतं. तेव्हा आपण सगळे तसेच राहायचो. शिफ्ट सुटली की मिस्ड कॉल, घरी पोचलं की मिस्ड कॉल.

दुपारी ढग उतरला. माझ्या लिफ्टचा तिसरा खांब दिसेना. तीनला सायली आणि अमेय आले.

"वैभव?"

"तो कधीच पोचलाय. कॅफेत असेल," सायली म्हणाली. "मिस्ड कॉल आला ना. एक रिंग."

"कधी?"

"दीड तास झाला असेल. आम्ही पुन्हा वर गेलो होतो तेव्हा."

"तू परत केलास?"

"केला. लागला नाही. रेंज येते-जाते इथे."

सैन्यात वायरलेसवर पलीकडून उत्तर आल्याशिवाय निरोप पोचला असं आम्ही कधी धरलं नाही. अमेय कॅफेकडे पळाला. एकटाच परत आला, म्हणाला, वैभवला शेवटचं निळ्या रनच्या माथ्यावर सोडलं होतं. मी वायरलेस उचलला.

"लिफ्ट फोर टू पेट्रोल. वन मेल मिसिंग. लास्ट सीन टॉप ऑफ द ब्लू रन. ओव्हर."

"कॉपी. हाऊ लाँग? ओव्हर."

"नाइन्टी मिनिट्स. ओव्हर."

पलीकडून आलं, "कॉपी, मेट."

पेट्रोलचा प्रमुख ग्रेग मला सोबत घेऊन गेला. निळ्या रनच्या पहिल्या वळणावर बर्फ काचेसारखा गुळगुळीत झाला होता. तिथे वैभवच्या स्की काढून ठेवलेल्या दिसल्या. पावलं हिरव्या रनच्या दिशेने झाडांत शिरली होती. ओढ्यावरचा बर्फ त्याच्या वजनाने खचला होता. तो छातीपर्यंत पाण्यात होता.

मी बर्फातून माणसं काढलेली आहेत. आपण काही ठरवायच्या आत हात कामाला लागतात. आम्ही त्याला ओढून काढलं आणि आळीपाळीने छाती दाबत राहिलो. शेवटी ग्रेगने माझा खांदा धरला.

वैभवच्या उजव्या हातात ग्लव्ह नव्हता. मुठीत फोन होता.

तेव्हा मला कळलं. तो पोचल्याचं कळवत नव्हता, मदत मागत होता, आणि एका रिंगनंतर रेंज गेली होती. मी तिथेच बसलो. पोस्टवर मी कधी असा हादरलो नव्हतो. तिकडे आम्ही मरण गृहीत धरून निघायचो. हा मुलगा वीकेंडला आला होता.

नागपूरला फोन मी केला. असे फोन मी आधीही केले होते. पेट्रोलच्या खोलीत सायली ब्लँकेट गुंडाळून बसली होती. त्या मिस्ड कॉलचा अर्थ तिलाही कळून चुकला होता.

वैभवच्या आईने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्यानं कोणालाच फोन नाही केला का, बाबा?"

फोनमधला आवाज खोलीभर ऐकू येत होता. सायलीने मान वर केली.

"केला होता, काकू. लागला नाही," मी म्हणालो.

"म्हणजे वाट पाहिली असेल माझ्या लेकानं," त्या म्हणाल्या.

पोस्टवर गेलेल्या माझ्या जवानांची नावं मी दर हिवाळ्यात एकदा मोठ्याने घेतो. त्यांच्या शेवटी आता वैभवचं नाव घेतो. त्या प्रत्येकाजवळ अखेरच्या वेळी कुणी ना कुणी होतं. वैभव एकटा होता.