पुस्तकाला पाय लागला की

थांबा, आधी हे सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. पुस्तकाला चुकून पाय लागला की आपण काय करतो? वाकतो, पुस्तकाला हात लावतो, कपाळाला लावतो, सुटलो! विचारसुद्धा करत नाही. तर एवढ्याशा गोष्टीवरून अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या एका हायस्कूलमध्ये एका मुलीचा बायॉलॉजीचा वर्ग जवळजवळ सुटलाच होता.

मी तेव्हा चोवीसची, लग्न होऊन नागपूरहून नुकतीच आलेली. डिपेंडंट व्हिसा, म्हणजे नोकरी करता येत नाही. गाडी चालवता येत नाही. बाहेर गुडघाभर बर्फ. घरात बसून डोकं फिरायला लागलं म्हणून चालत जाता येईल अशा शाळेत व्हॉलंटियर झाले. तिथे मला नववीतली एक मुलगी दिली. मराठीच, आईवडील पुण्याचे. तिला ऑटिझम होता. सकाळी ती स्पेशल एज्युकेशनच्या खोलीत असायची, दुपारी सगळ्यांबरोबर साध्या वर्गात, आणि तिथे शेजारी मी.

बायॉलॉजी म्हणजे तिचा जीव. खरं तर बायॉलॉजी नाही, त्या वर्गातलं कासव. त्याला लेट्युस घालायचं काम तिचं. घरी आईने विचारलं, शाळेत काय झालं, की उत्तर ठरलेलं, "टर्टल एट." नाहीतर, "टर्टल डिडन्ट ईट." संपल्या बातम्या.

पण त्या वर्गापर्यंत पोचणं! बेल झाली की कॉरिडॉरमध्ये जे काही व्हायचं ना, यार, मलाच धडकी भरायची. लॉकर धाडधाड आपटतायत, सगळे पळतायत, खाली वह्या, पुस्तकं, कागद आणि त्यांच्यावरून बूट. आमची ही प्रत्येक कागदापाशी थांबणार, वाकणार, नमस्कार करणार. पाय दुसऱ्याचा का असेना! मागचे तिच्यावर आदळायचे, मग ती कानांवर हात दाबून भिंतीला चिकटायची, की वर्गाला उशीर. एकदा तर वर्गात एका मुलाने जॉमेट्रीचं पुस्तक खाली टाकलं आणि त्यावर आरामात बूट ठेवले. हिने सरळ पुस्तक ओढलं. तो खुर्चीसकट आडवा.

झालं, मीटिंग लागली. बायॉलॉजी बंद करून हिला दिवसभर स्पेशलच्या खोलीतच ठेवायचं का, हे ठरवायला.

आदल्या दिवशी मी काकूंना, म्हणजे तिच्या आईला, फोन केला. "काकू, तुम्ही त्यांना सांगितलं नाही, की हे आपल्याकडे सगळेच करतात?"

"काका नको म्हणाले गं. देवाधर्माचं शाळेत कशाला काढायचं, म्हणे. आधीच पोरगी वेगळी, त्यात आपण वेगळे." मग म्हणाल्या, "मीच शिकवलं तिला. केवढा वेळ लागला! आता सगळ्या शाळेच्या पायांचे नमस्कार ती एकटीच करते."

मीटिंगला स्पेशलच्या बाई, बायॉलॉजीचे सर, काकू, टाय लावलेले काका, म्हणजे तिचे वडील, आणि काकूंनी हट्टाने आणलेली मी. बाई फार मायेने बोलायच्या. म्हणाल्या, ती वाकली की हळूच हात धरायचा, हातात दुसरं काहीतरी द्यायचं, हळूहळू सवय मोडेल.

"येस, येस, वुई विल फॉलो," काका म्हणाले.

"पण ते तर–" मी सुरू केलं.

"तू मध्ये बोलू नकोस. प्लीज," काका मराठीत.

 तेवढ्यात बाईंची फाइल टेबलावरून घसरली, कागद पसरले आणि एक काकांच्या चकाचक बुटाखाली गेला. "वुई अ‍ॅज पेरेंट्स–" एवढं बोलता बोलता काका वाकले, कागदाला हात लावला, कपाळाला लावला, आणि वाक्य पुढे चालू!

मग त्यांनाच कळलं. कान लालबुंद. काकू खाली मान घालून बसलेल्या, खांदे हलतायत. मला वाटलं रडतायत. हसत होत्या!

"वेट," सर म्हणाले. "यू डू इट टू?"

काकांनी टाय सैल केला. "इट इज नॉलेज," ते म्हणाले. "वुई डोन्ट स्टेप ऑन इट."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "नोबडी टोल्ड अस."

"नोबडी आस्क्ड," काकू म्हणाल्या. हसत नव्हत्या आता.

मग सगळं नव्याने ठरलं. पुस्तक ओढायचं नाही, ते बाईंनी सोडलं नाही, आणि बरोबरच होतं. त्याऐवजी तिने "बुक, प्लीज" म्हणायचं. बेलच्या आधीच मी तिला रिकाम्या कॉरिडॉरमधून न्यायचं. सरांच्या वर्गात पुस्तकं जमिनीवर ठेवायची नाहीत. एक महिना बघू, मग काय ते ठरवू.

महिना काही गोड गेला नाही. फायर अलार्म झाला त्या दिवशी ती टेबलाखालून निघेचना, मीही तिच्याजवळ खालीच बसले. पण वर्गाला उशीर बंद झाला, ओढाओढी बंद झाली आणि महिन्याच्या शेवटी सर म्हणाले, "शी इज स्टेइंग."

त्याच दिवशी त्या जॉमेट्रीवाल्या मुलाचा कागद पडला आणि त्याचाच बूट पडला त्यावर. त्याने हिच्याकडे बघितलं. "ओके, गो अहेड."

हिने कागद बघितला, बूट बघितला. "युवर फूट. यू डू."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी कशाला मध्ये पडू! बिचारा वाकला, कागदाला हात लावला आणि डास मारल्यासारखी कपाळावर चापट मारली. ही कासवाकडे निघून गेली.

संध्याकाळी काकूंचा फोन. "अगं, आज काय झालं शाळेत? टर्टल एट म्हणाली, आणि त्याच्यापुढे अजून एक वाक्य बोलली!"

"काय?"

"ही डिड इट राँग."