बर्फाची कडा बघणारे

चष्मा कपाळावर चढवायचा, नाक संगणकाच्या पडद्याला टेकेपर्यंत वाकायचं आणि म्हणायचं, "थांबा हं, आधी कडा बघू." दिल्लीतल्या आमच्या सरकारी कार्यालयात माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यांची सकाळ अशी सुरू होई. बाहेर मे महिन्याची लू, आणि हे उपग्रहाच्या चित्रांवरून उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात बर्फ कुठवर उरलंय, त्याची रेघ काढत बसलेले.

आम्ही दोघंही मयूर विहारमध्ये राहायचो. मेट्रोत ते घरातल्या आजारी माणसाबद्दल बोलावं तसे बर्फाबद्दल बोलत. "यंदा पुन्हा मागे सरकलं हो. एवढं गोडं पाणी समुद्रात मिसळतंय, प्रवाहांचं काय होईल?"

एकदा वरून टिपण मागवलं: बर्फ हटल्यावर उत्तरेकडून मालवाहू जहाजं कोणत्या महिन्यांत जाऊ शकतील? आम्ही दोघांनी ते लिहिलं. शेवटी त्यांनी आपला एक परिच्छेद जोडला. टेकायला बर्फ नसल्यामुळे सुळेवाले वॉलरस किनाऱ्यावर दाटीवाटीने येतात, कशाने तरी बिथरतात, आणि त्या पळापळीत पिल्लं चिरडली जातात.

साहेबांनी त्यावर काट मारली. "जहाजों का पूछा है, जानवरों का नहीं."

"सर, पानी तो एक ही है," हे शांतपणे म्हणाले.

परिच्छेदाशिवाय त्यांनी सही केली नाही. मी केली. महिन्याभरात त्यांना ग्रंथालयात पाठवलं आणि त्यांचं काम माझ्याकडे आलं.

त्यांनी बोलणं सोडलं नाही. मेट्रोत माझ्यासाठी जागाही धरत. मीच पुढच्या डब्यात चढू लागलो.

निवृत्तीनंतर ते आजारी आहेत असं कळलं, तेव्हा थंडीच्या सुरुवातीला भेटायला गेलो. इकडचं तिकडचं बरंच झाल्यावर म्हणालो, "त्या टिपणावर मी सही करायला नको होती."

त्यांनी हातातला पेला खाली ठेवला. "तुमची मुलगी तेव्हा दोन महिन्यांची होती. मी घरी येऊन हिला म्हणालो होतो, बरं झालं त्यांनी केली."

वहिनींनी स्वयंपाकघराच्या दारातून मान डोलावली.

निघालो तेव्हा त्यांना उठू नका म्हटलं होतं. खाली पोचून वर पाहिलं, तर गॅलरीच्या कठड्याला धरून उभे होते. दम लागलेला, तरी हात हलवत. त्याच थंडीत ते गेले.