वरच्या मजल्यावरची संभाव्यता

जे घडलं ते आणखी किती प्रकारांनी घडू शकलं असतं, हे मोजल्याशिवाय ज्याच्या घशाखाली चहा उतरत नाही, असा माणूस साऱ्या पृथ्वीवर एकच असणार आणि तो नेमका आमच्या डोक्यावर राहत होता. डोक्यावर म्हणजे वरच्या क्वार्टरमध्ये. भोपाळला कारखान्याच्या वसाहतीत जी शाळा होती, तिथे सर अकरावी-बारावीला गणित शिकवायचे. एकटा जीव, मूळचे नागपूरचे. मी यवतमाळकडच्या खेड्यातून लग्न होऊन आलेली, शाळा आठवीत सुटलेली. आमचे हे पहिल्या पाळीला गेले की मला धास्ती लागायची. बस उलटली असेल, मशीनमध्ये हात गेला असेल, तिकडे गावाला आई पडली असेल. सरांना हे जिन्यातच कळलं. म्हणाले, "ताई, काळजी करा, पण वाटणी नीट करा. सगळ्या काळज्यांना सारखं वजन कशाला देता?" इतक्या लांब येऊन मला कोणी 'काळजी करा' म्हणालेलं ते पहिलंच. सगळे आपले 'करू नका' म्हणायचे.

त्यांच्या कपड्यांचंही गणित होतं. कोणत्या शर्टावर कोणती पँट, याच्या जेवढ्या जोड्या होतील तेवढ्या सगळ्यांना ते पाळीपाळीने न्याय द्यायचे. हेडमास्तरांच्या मुलीच्या लग्नात ते लाल चौकडीवर शेवाळी पँट घालून हजर झाले. हे हळूच म्हणाले, "सर, आज तरी..." तर म्हणाले, "या जोडीची पाळी आज आली, त्यात हिचा काय दोष?" गणपतीत तर मराठी मंडळाच्या बायका त्यांना घाबरायच्या. पाच आरत्या म्हणजे एकशे वीस क्रम, मग रोज तोच क्रम का, हा त्यांचा प्रश्न. मंडळातल्या मावशींनी ठणकावलं, "गणपतीची पहिलीच होणार. तुमचं गणित नंतर." सर खुलले. "वा, अट घातलीत. मग उरलेल्या चारांचे चोवीस." त्या वर्षी शंकराची आरती कधी येईल याचा कोणालाच भरवसा नव्हता, आणि टाळ वाजवणारे एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे असायचे.

एका रविवारी ते अकरावीची चार-पाच मुलं घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आले. क्रमाला किंमत असते तिथे क्रमचय, नसते तिथे संचय, हे मुलांच्या डोक्यात शिरत नव्हतं. काकडी, टोमॅटो, कांदा मागेपुढे घातला तरी कोशिंबीर तीच, हा झाला संचय. इथवर सगळं ठीक होतं. मग फोडणी. क्रम बदलला की काय होतं ते दाखवायला सरांनी तापल्या तेलात आधी हळद टाकली, मग हिंग, मग जिरं आणि सगळ्यात शेवटी मोहरी. धूर कोंडला. एक मुलगा खोकत म्हणाला, "सर जी, मान गए. अब बाहर चलें?" सर डोळे पुसत म्हणाले, "पहले लिखो. क्रम बदला, चीज़ बदल गई."

कढई घासताना मी सहज विचारलं, "सर, या चार जिनसांतून एकूण किती फोडण्या बिघडवता येतील?" ते दारातून परत फिरले. "तेवीस. चोविसावी तुमची." आणि लगेच म्हणाले, "ताई, तुम्ही बाहेरून दहावीला बसा."

वसाहतीच्या बालवाडीत मदतनीस बाई हवी होती, पण दहावी पास. ती नोकरी मला फार हवी होती, आणि नापास झाले तर अख्ख्या ब्लॉकमध्ये होईल ते हसं मला आताच ऐकू येत होतं. मी म्हटलं, "जाऊ द्या सर. पास तरी होईन, नाहीतर नापास. अर्धी-अर्धी शक्यता."

सर मटकन पायरीवर बसले. "गोष्टी दोन आहेत म्हणून त्या सारख्या होतात का हो? उद्या सूर्य उगवेल किंवा नाही उगवणार, तिथेही अर्धी-अर्धी म्हणाल? ही चूक माझी निम्मी अकरावी करते. आता तुम्हीही?"

बसले मी परीक्षेला. सेंटर आलं पार नेहरू नगरला. जवाहर चौकात मिनीबस बदलावी लागायची. माझा धीर सुटेल म्हणून सर बरोबर आले आणि वाटेत त्यांनाच घाम फुटला. मी म्हटलं, "आता सांगा ना, माझी शक्यता किती?" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आपल्या माणसाची काढू नये. हात हलतो."

मी सगळ्या विषयांत पास झाले. गणित सोडून. तोवर सर रिटायर होऊन, क्वार्टर सोडून नागपूरला पुतण्याकडे गेले होते. त्यांना फोन करायची माझी हिंमत होईना. शेवटी ह्यांनीच नंबर लावून रिसीव्हर माझ्या हातात दिला. मी सांगितलं. सर म्हणाले, "बाकी सगळ्यांच्यात पास आणि माझ्यातच नापास. मग नापास कोण झालं, ताई?"

पुढच्याच आठवड्यात ते वळकटी घेऊन दारात उभे. आमच्या बाहेरच्या खोलीत मुक्काम टाकला. ह्यांनी थट्टा केली, "सर, वरचे एकदम खाली आलात." सर गंभीरपणे म्हणाले, "निकाल बघता योग्यच आहे." रोज सकाळी ह्यांचा डबा भरला की आमचा वर्ग सुरू व्हायचा. एखादं उदाहरण चुकलं की ते म्हणायचे, "माझं सांगणं चुकलं. परत सांगतो." परत सांगताना त्यांचा आवाज पहिल्यापेक्षा हळू व्हायचा. माझ्यावर इतका वेळ कोणी खर्च केला नव्हता, माहेरीही नाही.

परीक्षा झाल्यावर सर परत नागपूरला गेले. दुसऱ्या खेपेला गणित सुटलं. मी नागपूरला फोन लावला आणि एका दमात सांगून टाकलं, सर, पास झाले, बालवाडीत सोमवारपासून बोलावलंय. पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला.

"काही नाही, ताई," सर म्हणाले, "जरा सर्दी झालीय."

नागपुरात तेव्हा मे महिना चालू होता.