ढोलाचे साठ फेरे

चंपतराव हेडाऊ खाप्याचा. घरी हातमाग होता. बाप धोटा फेकायचा आणि पोरगा नुसत्या आवाजावरून सांगायचा, धागा तुटला. पुढे माग थांबला. चंपतराव नागपुरात आला आणि एका दैनिकाच्या छापखान्यात कागदाची रिळं उतरवू लागला. रजिस्टरात त्याच्या नावापुढे लिहिलं गेलं, हमाल. बत्तीस वर्षं तो शब्द तिथून हलला नाही.

एकाहत्तर साली तारेवरून फोटो घेणारं यंत्र आलं. ते जिन्यावरून वर नेलं चंपतरावनं. चालवायला खुर्ची मिळाली मनोहररावला, तो बी.एस्सी. झालेला होता. मुंबईच्या इंजिनियरनं तीन दिवस शिकवलं. दिल्लीत फोटो एका ढोलावर गुंडाळतात, इथे अंधाऱ्या खोलीत कोरा फोटोकागद दुसऱ्या ढोलावर. दोन्ही ढोल एका चालीनं फिरले पाहिजेत, मिनिटाला साठ फेरे. तिकडचा उजेड-अंधार टेलिफोनच्या तारेतून येतो आणि इथला दिवा तो कागदावर ओळीमागून ओळ उमटवतो. अठरा मिनिटांत एक फोटो. इथला ढोल मंदावला की फोटो तिरपा.

मनोहररावनं हे सगळं वहीत उतरवून घेतलं. चंपतराव दारात उभा राहून ऐकत होता. ओळीवर ओळ, म्हणजे हे विणणंच झालं, एवढं त्याला कळलं आणि तेवढं पुरलं.

तेव्हापासून यंत्र चंपतराव चालवी आणि मनोहरराव स्वतःच्या नावानं सही करी. चंपतरावनं तीन अर्ज दिले. त्याला एकच पाहिजे होतं. रिटायर व्हायच्या आत रजिस्टरातला शब्द बदलावा, हमाल खोडून यंत्रचालक लिहावं. मॅनेजर वामनराव शेवटी म्हणाले, "दिल्लीहून मालकांचा फोटो येणार आहे. तो साफ येऊ दे. त्याच दिवशी तुझा अर्ज मालकीणबाईंपुढे ठेवतो. सही त्यांचीच चालते."

चौऱ्याहत्तरचा मे महिना होता. जूनअखेर चंपतराव रिटायर होणार होता. दिल्लीत मालकांना मंत्र्यांच्या हातून पदक मिळालं. पाच वाजता बाहेरगावची डाक आवृत्ती छपाईला जायची, त्याच्या आत फोटो पाहिजे. बाहेर रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. मालकीणबाई इंदुताई पाच-सहा मैत्रिणींना घेऊन दुपारीच आल्या आणि वामनरावांच्या केबिनमध्ये नव्यानंच बसवलेल्या खसच्या कूलरपुढे बसल्या. फोटो आल्याआल्या त्यांना पाहायचा होता.

पहिला फोटो आला तो तिरपा. मागचा खांब पडतो आहे आणि मालक मंत्र्याच्या अंगावर कलंडले आहेत. दुसराही तसाच.

"लाइन खराब आहे," मनोहरराव म्हणाला आणि टेलिफोनवर ओरडू लागला.

"लाइन खराब असती तर पांढरे पट्टे आले असते," चंपतराव म्हणाला. "हा ढोल हळू चालून राहिला."

त्यानं ढोलाच्या काठाला बोट लावलं, भिंतीवरच्या घड्याळावर नजर ठेवली आणि मोजलं. अठ्ठावन्न. सकाळी दहाला बरोबर साठ होते. दहानंतर या इमारतीत नवं काय झालं? कूलर सुरू झाला.

तो केबिनच्या दारात गेला. "बाई, वीस मिनिटं कूलर बंद ठेवा. व्होल्टेज पडून राहिला. त्याच्यानंच फोटो वाकडा येते."

इंदुताईंनी आधी वामनरावांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "फोटोचं मशीन वर, कूलर खाली. कूलरची हवा जिना चढून जाते का गा?"

मैत्रिणी खळखळून हसल्या. एक म्हणाली, "इंदुताई, तुमच्या इथं हमालबी इंजिनियर आहेत वं!"

"जा तू," वामनराव दबक्या आवाजात म्हणाले. "गाडी आली आहे, रिळं उतरव."

साडेतीनला दिल्लीनं शेवटची पाळी दिली. त्यानंतर तार दुसऱ्या पेपरची. चंपतराव खाली विजेच्या बोर्डापाशी गेला, कूलरचा कटआउट, म्हणजे फ्यूजची वडी, उपसला, खिशात टाकला आणि वर येऊन अंधाऱ्या खोलीचं दार लावून घेतलं. बोट ढोलाला लावलं. साठ.

पाचव्या मिनिटाला केबिनचा शिपाई दारावर थापा मारू लागला. "काका, कटआउट द्या! बाई भडकून राहिल्या!"

"दार उघडलं तर उजेड लागून फोटो जाते. तेरा मिनिटं थांबा."

"माझी नोकरी जाईन ना!"

चंपतरावनं बोट ढोलावरच ठेवलं. तो मोजत होता.

फोटो धुऊन बाहेर आला तेव्हा मागचा खांब ओळंब्यानं लावल्यासारखा सरळ होता. पदकाची फीतसुद्धा स्पष्ट. इंदुताईंनी पदरानं मान पुसली आणि ओला फोटो ट्रेमध्येच पाहिला. "किती छान आले हे!"

"लाइन सुधारली, बाई," मनोहरराव म्हणाला.

"तुमचं कौतुक आहे. आणि कटआउट कोणं काढला होता?"

चंपतरावनं खिशातून कटआउट काढून टेबलावर ठेवला. फोटो सरळ का आला हे त्याच्यात होतं. तिथे कोणालाच ते वाचता आलं नाही. संध्याकाळी त्याला मेमो मिळाला. अर्ज वामनरावांच्या खणातच राहिला. "तू आपल्याच हातानं घालवलं," ते म्हणाले.

तीस जूनला नारळ, शेला आणि दाखला मिळाला. 'हमाल या पदावर बत्तीस वर्षे इमानदारीने काम केले.'

पुढल्या मे महिन्यात मनोहरराव एसटीनं खाप्याला त्याच्या घरी आला. घामानं भिजला होता. "काका, आठ दिवसांपासून फोटो तिरपे येऊन राहिले. मुंबईचा माणूस येऊन गेला, त्याले सापडलं नाही. येता का?"

"तो कधी आला होता?"

"सकाळी. तेव्हा मशीन बरोबर चालत होती."

चंपतरावनं त्याला चहा पाजला. "म्या सांगतलं होतं. केबिनच्या दारात उभं राहून, सगळ्यायसमोर."

"काय सांगतलं होतं?"

चंपतराव त्याच्याकडे पाहत राहिला. या माणसाला खरंच आठवत नव्हतं. "हमालाले काय समजते गा?" तो म्हणाला आणि त्याला स्टँडपर्यंत पोचवून आला.

दुसऱ्या दिवशी रुपरावच्या हॉटेलात पेपर आला. पहिल्या पानावर कुठल्याशा पुलाचा फोटो होता, खांब सगळे एका अंगाला झुकलेले. चंपतरावनं पेपर उलट्या अंगाला कलता धरला. खांब सरळ झाले. तो तसाच वाचत बसला.

"पेपर वाकडा काहून धरला गा?" रुपरावनं विचारलं.

चंपतरावनं पेपर सरळ केला. खांब पुन्हा झुकले. त्यानं घडी घालून पेपर परत दिला. त्या दिवसापासून तो हॉटेलात नुसता चहा पिऊन उठू लागला.