खडपावर टांगलेलं पान

ओर्पा न्दुनला गावात सगळे ओर्पाआई म्हणतात आणि तिच्या तोंडी लागायला सगळे घाबरतात. रोटे बेटाच्या या टोकाला ओहोटीत पाण्याखालचं खडकाळ खडप उघडं पडलं की हातात लोखंडी सळई, कमरेला टोपली, अशी ती सगळ्यांच्या आधी उतरते. नवरा ताडावरून पडून गेला, मुलगे कुपांगला जाऊन तिकडचेच झाले. तेव्हापासून तिची चूल खडपावरच्या शिंपल्यांवर आणि ऑक्टोपसवर चालते.

त्याच खडपावर भरतीला मोठी लाट फुटते. ती घ्यायला परदेशी पोरं लाटेवर घसरायच्या फळ्या घेऊन येतात. त्यावरून कधी भांडण झालं नाही. ओहोटी बायकांची, भरती पोरांची. एखादा खडपावर सोलवटून बाहेर आला, तर ओर्पाआईच त्याच्या जखमेवर लिंबू पिळते आणि वर शिव्या घालते.

या खेपेला अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला बायका निघाल्या, तर वाटेच्या तोंडाशी उंच काठी उभी. काठीला ताडाच्या कोवळ्या पानांची वेणी. म्हणजे बंदी, त्यापुढे जायचं नाही, काही घ्यायचं नाही. हे पान टांगण्याचा हक्क एकट्या मानाहोलोचा, गावाच्या बंदीच्या राखणदाराचा. बायका माघारी वळल्या.

त्यांच्यातली वेल्मिन्से तेवढी कुरकुरली. "आत्ताच तर ऑक्टोपस बाहेर येतात गं. आत्ताच कशी बंदी?"

"पान दिसत नाही का? डोळे काय मिठात मुरत घातलेस?" ओर्पाआई खेकसली.

मोठी ओहोटी मोजक्या दिवसांची. ती सरत आली तेव्हा रविवारी चर्चच्या दारात ओर्पाआईने मानाहोलोला, मेसाखबाबाला गाठलं.

"बाबा, बंदी घालायची तर आधी सांगत जा की. आमची पोटं काय शिंक्यावर टांगायची?"

"कसली बंदी? गुडघा धरलाय माझा. मी खडपाकडे फिरकलेलोसुद्धा नाही."

चौकशी केली तेव्हा कळलं, काठी लावली होती नव्या रिसॉर्टच्या मॅनेजरने. सुराबायाहून आलेल्या या विबोवोला कुठल्याशा फोटोत ते पान आवडलं होतं. पाहुण्यांना गावचं काहीतरी दिसावं म्हणून त्याने तसंच करवून घेतलं. बायका यायच्या थांबल्या, हे त्याने पाहिलं होतं. का थांबल्या, हे विचारलं नाही. मोकळा किनारा फोटोत छान येत होता.

दुसऱ्या दिवशी भरती लागायच्या सुमाराला ओर्पाआई बायकांना घेऊन काठीपाशी येऊन बसली. सोबत लंगडत मेसाखबाबा. फळ्या घेऊन पोरं आली, तशी तिने सळई आडवी धरली.

"पान आहे. कुणी जायचं नाही."

पोरं थबकली. तिच्या लिंबाची चव चाखलेला एक जण फळी वाळूत ठेवून मुकाट बसला. बाकीचे रिसॉर्टवरच उतरलेले, ते विबोवोला बोलवायला धावले. समोर लाट फुटत होती, तिच्यावर कुणीच नव्हतं.

"आई, अहो ती नुसती सजावट आहे," विबोवो म्हणाला.

"सजावट? तुझ्या बापाच्या थडग्यावरचा दगड मी माझ्या अंगणात सजावटीला लावला तर चालेल?"

"मग काढून टाका ना!"

"टांगलंस तू आणि काढू मी? मी काय तुझी मोलकरीण?"

मेसाखबाबा खाकरला. "ज्याने टांगलं त्याने गावासमोर काढायचं, बाळा. आणि काय बंद केलं होतं, ते मोठ्याने सांगायचं. रीत आहे."

विबोवोने पोरांकडे पाहिलं, लाटेकडे पाहिलं. मग पुटपुटला, "खडप बंद केलं होतं."

"मोठ्याने," ओर्पाआई म्हणाली. "आणि कुणाचं?"

"बायकांचं."

"ऐकू आलं नाही."

"बायकांचं खडप बंद केलं होतं!" तो ओरडला आणि पान ओढून काढलं. तो पाठमोरा होतो न होतो, तोच पोरं पाण्यात शिरली.

खडप तोवर बुडालं होतं. बायका रिकाम्या टोपल्या घेऊन परतल्या.

"पण जिंकलो बाई," वेल्मिन्से म्हणाली.

"काय जिंकलो? त्यांना लाट आजच्या आज मिळाली. आपली अमावास्या गेली पाण्याखाली. आता पौर्णिमेच्या ओहोटीपर्यंत शेवग्याचा पाला उकड आणि त्यातच शोध तुझा ऑक्टोपस."